कॅमेरा कोणाच्या धुऱ्यावर उभा आहे?

इंग्रजी सिनेमातला एक प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. मोकळे माळरान आहे. दूरवर तांबड्या खडकांचे सुळके उभे आहेत. एक घोडागाडी भरधाव चालली आहे, आत गोरी माणसे आहेत, त्यांत एक बाळंतीण आहे. अचानक टेकडीच्या माथ्यावर घोडेस्वारांची रांग उगवते आणि किंकाळ्या फोडीत गाडीवर तुटून पडते. गोळ्या संपत येतात. मग लष्करी बिगुल वाजतो, घोडदळ येते, आणि थिएटरात टाळ्या पडतात. जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) या चित्रपटातला हा प्रसंग पुढे शेकडो चित्रपटांनी गिरवला.

टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही असतो. अमरावती हे सी. पी. बेरार सर्किटच्या चित्रपट वितरणाचे जुने केंद्र. अमरावती-अकोल्याच्या टॉकीजमध्ये स्वस्त तिकिटाच्या बाकांवर बसणाऱ्यांत गावकुसाबाहेरची पोरे असत, मेळघाटातून बाजाराला उतरलेला एखादा कोरकूही असे. ज्याची जमीन गेली त्याने जमीन घेणाऱ्यासाठी टाळी का वाजवावी? हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. हे चित्रपट समजून घेतले तर वऱ्हाडातल्या जमिनीचा, जंगलाचा आणि आपल्या स्वतःच्या भूमिकेचाही काही उलगडा होतो, म्हणून हा लेख.

१

टाळी मिळवण्याचे तंत्र साधे आहे. कॅमेरा घोडागाडीच्या आत बसवलेला असतो. आतल्या प्रत्येक माणसाला नाव आहे, भूतकाळ आहे, दुःख आहे. बाहेरून येणाऱ्याला यातले काहीच नाही. तो येतो तो हल्ला करायलाच. तो का येतो, ही जमीन कोणाची, गाडीचा रस्ता कोणाच्या शिवारातून गेला, हे प्रश्न चित्रपट विचारीत नाही. प्रेक्षक ज्याच्या शेजारी बसतो त्याचा जीव त्याला मोलाचा वाटू लागतो. म्हणजे न्यायनिवाडा कथेने होण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या जागेने होऊन गेलेला असतो.

‘झुलू’ (१९६४) हा इंग्रजी चित्रपट याचे आणखी स्वच्छ उदाहरण आहे. जानेवारी १८७९ मध्ये रोर्क्स ड्रिफ्ट येथे शंभर-दीडशे ब्रिटिश शिपायांनी हजारो झुलू योद्ध्यांना थोपवून धरले, त्याची ही कहाणी. चित्रपट झुलूंच्या शौर्याला सलामही करतो. परंतु त्याच महिन्यात ब्रिटिशांनी झुलूंच्या राज्यावर स्वारी केली होती आणि वेढलेले शिपाई हे मुळात चढाई करून आलेल्या फौजेचे होते, याचे भान प्रेक्षकाला जवळजवळ राहत नाही. आक्रमक वेढला गेला की तो बिचारा ठरतो.

दुसरे तंत्र रिकाम्या जमिनीचे. वेस्टर्न चित्रपटात जमीन नेहमी ओसाड दिसते. कुंपण नाही, नांगरट नाही, घर नाही. म्हणजे मालक नाही. ‘स्टेजकोच’पासून फोर्डने आपल्या अनेक चित्रपटांचे चित्रीकरण ज्या मॉन्युमेंट व्हॅलीत केले, ती नवाहो लोकांची भूमी आहे. तिथल्याच नवाहोंना रोजंदारीवर घेऊन फोर्डने त्यांना कधी अपाचे, तर कधी शायेन म्हणून उभे केले. ज्या भूमीचे ते धनी, तिच्यावरच ते परक्या टोळीचे सोंग घेऊन हल्ला करतात आणि संध्याकाळी मजुरी घेऊन घरी जातात. या उद्योगाचे याहून बोलके चित्र दुसरे नसेल.

तिसरे तंत्र मुकेपणाचे. मोठ्या भूमिका मूळ रहिवाशांना मिळतच नसत. ‘ब्रोकन ॲरो’ (१९५०) हा अपाचेंकडे सहानुभूतीने पाहणारा पहिल्या काही चित्रपटांपैकी एक. त्यातला कोचीस जेफ चँडलर या गोऱ्या नटाने रंगवला. ‘द सर्चर्स’ (१९५६) मधला कोमांची नायक स्कार हा बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केला. आपल्याकडे दुसऱ्याने आपली व्यथा लिहावी आणि आपण ती वाचावी, हा अनुभव दलित लेखकाला नवा नाही. सहानुभूतीचे साहित्य आणि अनुभूतीचे साहित्य यांतला फरक जो आपण इतकी वर्षे सांगत आलो, तोच इथे पडद्यावर दिसतो.

२

तरीही हे सर्व चित्रपट एकाच मापाने मोजू नयेत. ‘द सर्चर्स’चा नायक ईथन एडवर्ड्स कोमांचींनी पळवून नेलेल्या पुतणीचा वर्षानुवर्षे शोध घेतो. पण ती कोमांचींत मिसळली आहे असे कळताच तिला ठार मारायला निघतो. तिला वाचवण्यापेक्षा तिचा विटाळ पुसून टाकणे त्याला महत्त्वाचे वाटते. जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला हा नायक ताबडतोब ओळखू येतो. अखेरीस तो तिला मारीत नाही, उचलून घरी आणतो. पण घराचे दार त्याच्या स्वतःसाठी बंदच राहते. फोर्डने आपल्याच नायकाच्या मनातले विष इथे दाखवले आहे. जमीन मात्र तशीच गोऱ्यांच्या नावे राहते.

पुढे ‘शायेन ऑटम’ (१९६४) मध्ये फोर्डने १८७८-७९ साली राखीव वसाहत सोडून आपल्या उत्तरेकडील मायभूमीकडे चालत निघालेल्या शायेन लोकांची कथा सांगितली. १९७० साली दोन चित्रपट आले. ‘सोल्जर ब्लू’ने १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडाचे रक्त पडद्यावर आणले. ‘लिटल बिग मॅन’मध्ये शायेन वृद्धाच्या भूमिकेत चीफ डॅन जॉर्ज हा स्वतः मूळ रहिवासी असलेला नट होता, आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालू होते. सँड क्रीकमध्ये अमेरिकन प्रेक्षकाला व्हिएतनामची खेडी दिसत होती. १९७३ साली मार्लन ब्रँडोने ‘गॉडफादर’साठी मिळालेले ऑस्कर मूळ रहिवाशांच्या चित्रणाच्या निषेधार्थ नाकारले. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, दलित पँथर जन्मली होती. नकाराचे वारे दोन्ही खंडांत वाहत होते.

परंतु या सहृदय चित्रपटांतही एक खोड राहिली. मध्यभागी उभा असतो तो चांगला गोरा माणूस. ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’ (१९९०) मध्ये लाकोटा भाषा ऐकू येते, मूळ रहिवासी नट दिसतात. तरी त्यांच्या जगात आपल्याला नेतो तो गोरा लेफ्टनंटच. शिवाय हे चित्रपट मूळ रहिवाशांना नेहमी मावळत्या सूर्याबरोबर नाहीसे करतात. गेलेल्या माणसासाठी रडणे सोपे असते, कारण त्याला जमीन परत द्यावी लागत नाही. प्रत्यक्षात ते गेलेले नाहीत, जमीन गेली. १८८७ च्या डॉज कायद्याने सामुदायिक जमिनीचे कुटुंबवार तुकडे केले आणि ‘उरलेली’ जमीन वसाहतवाल्यांना खुली केली. त्या वर्षी मूळ रहिवाशांकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती. १९३४ मध्ये ती सुमारे ४.८ कोटी एकर उरली. हे काम कोणत्याही घोडदळाने केले नाही. ते कागदाने केले. आणि कागदावर टाळीचा प्रसंग रचता येत नाही, म्हणून तो चित्रपटांत सहसा येत नाही.

३

हा कागदच आपल्याला वऱ्हाडात आणतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ मध्ये इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेरावरून नागपूरला पोचली. ज्या १८६२ साली अमेरिकेच्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्याला १६० एकर जमीन देऊ केली, त्याच सुमारास वऱ्हाडातली प्रत्येक ‘पडीत’ जमीन कापसाखाली आणण्याचा सपाटा चालू होता. एका युद्धाची ही दोन टोके आहेत; आपण त्यांतले एकच पडद्यावर पाहिले.

काळ्या मातीत मोजणीची साखळी फिरत असताना उत्तरेला गाविलगडच्या डोंगरात दुसरे काम चालले होते. मेळघाटातले साग रेल्वेला आणि सरकारला हवे होते. १८६० च्या दशकापासून तिथली जंगले राखीव होऊ लागली. कोरकू हे तिथले जुने रहिवासी. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी नव्हे तर संथाळी-मुंडारीशी नाते सांगणारी. जंगल साफ करून काही वर्षे पेरायचे, मग ते वावर सोडून पुढे जायचे, ही त्यांची शेती. सोडलेले वावर मोजणीदाराला ‘रिकामे’ दिसले. जे वेस्टर्नच्या कॅमेऱ्याने केले तेच वऱ्हाडात मोजणीच्या नकाशाने केले. पेरेपत्रकात ज्याचे पीक नाही त्याची जमीन नाही, आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही तो आपल्याच डोंगरात अतिक्रमक.

पुढची पायरी वाघाची. फेब्रुवारी १९७४ मध्ये मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. वाघ वाचला पाहिजे याविषयी वाद नाही. वाद असा आहे की ज्या जंगलात माणूस आणि वाघ दोघेही राहिले, तिथून एकालाच का उठवले जाते? २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बोरी, कोहा, कुंड ही गावे उठवून अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्याच्या सपाटीवर वसवली गेली. नंतर आणखी गावे उतरली. २००८ पासून देशभर पुनर्वसनाची रक्कम कुटुंबामागे दहा लाख रुपये ठरली. २०२१ मध्ये ती पंधरा लाख झाली. पैसा खर्च होतो. जंगलातला मोह, तेंदू, कंद, गुरांचा चारा, जळण, देवाची जागा यांची किंमत त्या रकमेत नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी-गुल्लरघाट परिसरात पुनर्वसित गावांतले काही लोक आपल्या जुन्या जागी परतले. सपाटीवर शेतजमीन आणि सोयी कबूल केल्याप्रमाणे मिळाल्या नाहीत, ही त्यांची तक्रार होती. त्यांना हटवताना वनखाते, पोलीस आणि आदिवासी यांच्यात संघर्ष होऊन दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

‘शायेन ऑटम’ पाहिलेल्या माणसाला ही कथा ओळखीची वाटेल. दिलेली वसाहत सोडून लोक आपल्या डोंगराकडे चालत निघतात आणि वाटेत बंदूकवाले उभे असतात. फरक इतकाच की एकाला आपण अभिजात चित्रपट म्हणतो आणि दुसरीला कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणतो.

४

आपल्या चित्रपटांनी याचे काय केले? जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) हा गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा चित्रपट ठाकरांच्या जगात शिरतो. त्यातली गाणी आजही लोकांच्या तोंडी आहेत. ठाकराला त्याने माणूस म्हणून, प्रेमिक म्हणून, जिद्दी म्हणून उभे केले हे त्याचे मोठे यश. पण त्याचा संघर्ष राणीमाशीशी आहे. सावकाराशी, जंगल खात्याशी नाही. कथेची भूमी कर्नाळ्याच्या परिसरातली, आणि कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. डोंगर देवाचा असतो हे चित्रपट सांगतो. तो सरकारचाही झाला आहे हे सांगत नाही.

मृणाल सेनांच्या ‘मृगया’त (१९७६) हे धाडस आहे. रानडुकराची शिकार आणून दाखवली की गोरा साहेब खूश होतो, हे शिकारी घिनुआला माहीत आहे. बंडखोराला मारणाऱ्याला सरकारने इनाम दिल्याचेही त्याने पाहिले आहे. सावकार त्याची बायको पळवतो तेव्हा तो सावकाराला मारून साहेबाकडे जातो. सर्वांत मोठे हिंस्र जनावर मारले म्हणून बक्षीस मिळेल अशी त्याची समजूत. त्याला फाशी होते. कायदा कोणाची हत्या शिकार मानतो आणि कोणाची खून, एवढा एकच प्रश्न हा चित्रपट विचारतो, आणि तो पुरेसा आहे.

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ (१९८०), पटकथा विजय तेंडुलकरांची, आणखी पुढे जातो. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर स्वतःच्या बायकोच्या खुनाचा आरोप आहे. तो चित्रपटभर जवळजवळ एक शब्द बोलत नाही. वेस्टर्नमधला आदिवासी मुका आहे, कारण दिग्दर्शकाला त्याचे बोलणे नको आहे. लहान्या मुका आहे, कारण न्यायालयाची भाषा त्याची नाही आणि खरे बोलण्याची किंमत त्याने ओळखली आहे. पण या चित्रपटातले आपल्यासाठी सर्वांत बोचरे पात्र लहान्या नाही. ते सरकारी वकील दुसाणे यांचे आहे. हा वकील स्वतः आदिवासी आहे. शिकला, वर आला, आणि ज्या व्यवस्थेने त्याला खुर्ची दिली तिच्या बाजूने आपल्याच माणसाविरुद्ध उभा राहिला. शिक्षणाने मिळालेली खुर्ची कोणाच्या कामी लावायची, हा प्रश्न हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकासमोर, प्रत्येक विद्यार्थ्यासमोर आहे.

५

आता आपल्या स्वतःच्या जागेविषयी. या चित्रपटांत वसाहतवाला आणि मूळ रहिवासी असे दोनच पक्ष दिसतात. दलित यांपैकी कोणत्या बाजूला? गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. गावाची शीव तो सांगे, पण त्या शिवेच्या आत त्याच्या मालकीचे वावर बहुधा नसे. वतनाची जी तुटपुंजी जमीन होती तिच्याबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या वेठ होती.

वऱ्हाडातला भूमिहीन ज्या जमिनीकडे पाहत आला ती ई-क्लासची, म्हणजे गावच्या गुराचराईची सरकारी जमीन. ती वाहून पोट भरणाऱ्याला इथे जबरानजोतवाला म्हणतात. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने केलेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. पडीत सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली प्रमुख मागणी होती. महाराष्ट्र सरकारने पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, आणि २०२२ मध्ये गायरानावरच्या माणसांना पुन्हा नोटिसा आल्या. म्हणजे मेळघाटातला कोरकू आणि सपाटीवरचा जबरानजोतवाला यांना सरकार एकाच शब्दाने हाक मारते. तो शब्द अतिक्रमक.

असे असताना दोघे एकत्र येतातच असे नाही. १८६६ साली अमेरिकेने काळ्या सैनिकांच्या पलटणी उभारल्या. काल-परवापर्यंत गुलाम असलेल्या या माणसांना गणवेश मिळाला, पगार मिळाला, मान मिळाला, आणि मूळ रहिवाशांवर पाठवण्यात आले. फोर्डचाच ‘सार्जंट रटलेज’ (१९६०) हा चित्रपट अशा एका काळ्या सार्जंटवर आहे. गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा आणि खुनाचा खोटा आळ त्याच्यावर येतो. तो अपाचेंशी शौर्याने लढतो, आणि अखेर निर्दोष ठरतो. काळ्या माणसाला नायक करणारा हा चित्रपट त्या काळी धाडसीच म्हटला पाहिजे. पण त्याचे माणूसपण सिद्ध होण्यासाठी अपाचेचे माणूसपण खर्ची पडते, हे त्याला कळलेले नाही.

आपल्याला ते कळले पाहिजे. गणवेशाचे मोल आपण जाणतो. सैन्यातल्या आपल्या वाडवडिलांमुळे आपल्या घरात पहिले अक्षर आले. डोंगरात वनरक्षक म्हणून, शिपाई म्हणून उभा राहणारा तरुण अनेकदा भूमिहीनाचाच मुलगा असतो. त्याला नोकरी सोड असे कोणी सांगू नये. पण त्याच्या हातातल्या काठीचा शेवट कुठे आहे आणि ती धरणारा मूळ हात कोणाचा, हे त्याला सांगणे आपले काम आहे. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात अनुसूचित जमाती आणि भूमिहीन यांनाही घेतले होते. ते केवळ व्याख्येपुरते राहिले असेल तर दोष व्याख्येचा नाही.

६

मार्ग नाहीत असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्याला प्रथमच हक्कदार म्हटले. तो केवळ आदिवासींसाठी नाही; तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासींनाही तो लागू आहे, ही गोष्ट आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर गावाने झाडे जगवली, सीताफळे विकली, आणि २०१४ मध्ये त्याच्या कामाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. माणूस जंगलाचा वैरी आहे हा सिद्धांत या एका टेकडीने खोडून काढला. दुसरीकडे १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याचा आदेश दिला. दोनच आठवड्यांनी त्याला स्थगिती मिळाली. लाखो कुटुंबांचे भवितव्य अशा तारखांवर टांगलेले असते.

मेळघाटात कॅमेरे येत नाहीत असेही नाही. १९९३ मध्ये कुपोषणाने होणारे बालमृत्यू उजेडात आले, तेव्हापासून ते येतच आहेत. ते कोरकू बाळाच्या बरगड्या दाखवतात. बाळाच्या बापाचा सातबारा दाखवीत नाहीत. वेस्टर्नने आदिवासीला राक्षस केले, या कॅमेऱ्याने त्याला दयेचा विषय केले. दोन्ही ठिकाणी त्याचा हक्क चित्राच्या चौकटीबाहेर राहिला.

महाविद्यालयांत, वसतिगृहांत, बुद्धविहारांत हे चित्रपट जरूर दाखवावेत, ‘स्टेजकोच’ही दाखवावा. मात्र टाळी पडली की चित्रपट थांबवून तीन प्रश्न विचारावेत. कॅमेरा कोणाच्या धुऱ्यावर उभा आहे? ही जमीन आज कोणाच्या नावावर आहे? आणि ज्याला बोलू दिलेले नाही तो बोलला असता तर काय म्हणाला असता? मग दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडून आपल्या गावच्या ई-क्लास जमिनीचा उतारा काढून तो मुलांपुढे ठेवावा आणि हेच तीन प्रश्न पुन्हा विचारावेत. दोन दिवसांचा हा अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठात नाही. तो आपणच सुरू केला पाहिजे.